केस अचानक गळायला लागले: औषधांपैकी दोषी कोण, हे कसं ओळखायचं? (थायरॉइड + संधिवाताची गोळी + डेंग्यूनंतर)

मलप्रभाकाठ (खानापूर)

वहिनींसाठी विचारतोय. वय ३६, वजन ५४ किलो, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. गेले तीन आठवडे केस मूठमूठ येऊलालेत. न्हाणीच्या जाळीत गुंता, उशीवर केस, कणीक मळताना परातीत केस. टाळूवर चट्टा नाही, खाज नाही, कोंडा नाही. सगळीकडून सारखेच विरळ झालेत, भांग रुंद दिसतो.

औषधं तारखांसकट देतो:

थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, तीन वर्षांपासून रोज सकाळी.
मेथोट्रेक्सेट, संधिवातासाठी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ७.५ मिलिग्रॅमने सुरू, ऑक्टोबरच्या मध्यावर १५ केली. सोबत फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम.
लोहाची गोळी नोव्हेंबरपासून रोज, हिमोग्लोबिन ९.८ आलं म्हणून.
बायोटिन (केसांसाठी म्हणून घेतात ते जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम, डिसेंबरच्या शेवटापासून. हे डॉक्टरांनी दिलेलं नाही, शेजारच्या काकूंनी सुचवलं.

सप्टेंबरच्या शेवटी डेंग्यू झाला होता. आठ दिवस ताप, प्लेटलेट ४२ हजारांवर गेल्या, चार दिवस ॲडमिट.

परवा थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच ०.२१ आला. गेल्या वर्षी ३.१ होता. त्यावरून थायरॉइडची गोळी २५ वर आणायची असं दवाखान्यात सांगितलंय. वहिनींचं मात्र ठरलंय की सांध्याच्या गोळीनंच हे केलं, ती बंद करायची. सांध्यांच्या डॉक्टरांची, मिरजेची, पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. तोवर आधी काय करायचं?

ओपीडी_खिडकी (बेळगाव)

बाकी सगळं नंतर. आधी दोन गोष्टी आजच विचारून इथं लिहा.

एक, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच जाते की रोज? वहिनी सांगतील त्यावर थांबू नका, स्वतः पाकीट हातात घेऊन गोळ्या मोजा. ऑक्टोबरपासून किती पानं आणली आणि किती गोळ्या उरल्या, एवढा हिशेब पुरतो.

दोन, तोंडात फोड, जीभ सोलवटणं, ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, कोरडा खोकला किंवा धाप, यातलं काही आहे का?

मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर ती आधी तोंडाची आतली त्वचा आणि हाडांतला रक्त तयार करणारा गर मारते. केस त्याच तडाख्यात जातात, कारण केसाच्या मुळातल्या पेशीही तशाच भराभर वाढणाऱ्या. म्हणून संधिवाताच्या रुग्णाचे केस गळतात म्हटल्यावर पहिला प्रश्न कायम हाच. उत्तर ‘रोज’ असलं तर फेब्रुवारीची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात नेऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी आणि लिव्हरची तपासणी करा. फोलिनिक ॲसिड नावाचा उतारा असतो आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. आपण घरी देतो त्या फोलिक ॲसिडच्या गोळीनं ते काम होत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मोजल्या. हिशेब बरोबर आहे, दर सोमवारी रात्री एकदाच. फोलिक ॲसिड मंगळवारी आणि बुधवारी. तोंडात फोड नाहीत, ताप नाही, खोकला नाही. जानेवारीच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी ५,८००, प्लेटलेट २ लाख ३० हजार. एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) ३१.

पण विचारताना दुसरंच कळलं. थायरॉइडची आणि लोहाची गोळी त्या एकत्रच घेतात, सकाळी सातला, चहाच्या घोटाबरोबर. ‘दोन्ही रोजच्याच, विसरायला नको’ म्हणून.

ओपीडी_खिडकी (बेळगाव)

मोठी काळजी मिटली. आता सावकाश बघू.

केस गळायला लागल्या दिवसापासून मागं मोजायचं असतं. डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, मग केस सुटतो. रोज ५० ते १०० केस जातात ते याच हिशेबानं. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे तीव्र ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपासमार किंवा एखादं औषध, की वाढणाऱ्यांपैकी बरेच केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन ते चार महिन्यांनी सगळे एका रांगेत सुटतात. त्यामुळे काल-परवा सुरू केलेल्या गोळीवर लोक आळ घेतात आणि खरं कारण मागं राहून जातं.

वहिनींचं गळणं डिसेंबरच्या अखेरीस सुरू झालं. मागं मोजा: ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा शेवट. या खिडकीत काय काय बसतं? डेंग्यू बसतो. मेथोट्रेक्सेट दुप्पट झाली तीही बसते. ऑगस्टमधली सुरुवात बसत नाही, ती जबाबदार असती तर दिवाळीच्या आसपासच गळायला लागले असते. बायोटिन अजिबात बसत नाही, ते तर गळायला लागल्यावर आलंय. थायरॉक्सिन तीन वर्षं त्याच मात्रेत आहे, पण लोहाबरोबर घेतल्यामुळे नोव्हेंबरपासून ती पुरी अंगी लागत नसणार, म्हणून तिचंही नाव यादीत राहू द्या.

माझं मत विचाराल तर पहिला आरोपी डेंग्यू. आठ दिवसांचा ताप, प्लेटलेट ४२ हजार, आणि त्यानंतर बरोबर तीन महिने. यापेक्षा ठळक इतिहास क्वचित मिळतो. आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेटनं थोड्याच लोकांचे केस विरळ होतात, झाले तरी टक्कल पडत नाही आणि मात्रा कमी केली की परत येतात. उलट गोळी मनानं बंद केली तर सांधे काही आठवड्यांत पेटतात, आणि बोटांच्या सांध्यांत जी झीज होते ती भरून येत नाही. केस परत येतात. एवढं एक वहिनींना समोर बसवून सांगा.

आता घरच्या घरी बघता येईल असं काही. खाली पडलेले दहा-बारा केस उचला, काळ्या परकराच्या कापडावर आडवे ठेवा आणि खिडकीशी बसून मुळाचं टोक बघा. टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, कोरडा पांढरा ठिपका असला, तर केस आपली विश्रांती संपवून सुटलाय. डेंग्यू, बाळंतपण, बहुतेक गोळ्या, सगळ्यांत असंच टोक दिसतं. लोक ते बघून ‘मुळासकट उपटला, आता येणार नाही’ म्हणून घाबरतात. मूळ आत कातडीतच असतं, तो ठिपका म्हणजे नुसती जुनी गाठ. ठिपका नाही आणि टोक शिसपेन्सिलीसारखं निमुळतं होऊन तुटलेलं दिसलं, तर केस वाढता वाढता मोडलाय. असं कॅन्सरच्या औषधांत होतं, किंवा मेथोट्रेक्सेट भलतीच जास्त झाली तर. मधेच कुठंतरी तुटलेला, दोन्ही टोकांना काही नसलेला केस म्हणजे घट्ट वेणी, गरम इस्त्री किंवा रंगाची करामत.

दुसरी तपासणी ओढण्याची. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत ५०-६० केसांची बट टाळूजवळ धरायची आणि टोकापर्यंत सावकाश, एकसारखा ताण देत ओढत न्यायची. हिसका द्यायचा नाही. डोक्याच्या चार बाजूंना करायचं. एखाद-दुसरा केस आला तर ठीक, सहा किंवा जास्त आले तर गळती चालू आहे. महिन्यातून एकदाच करा. रोज ओढत बसलं की मनही खचतं आणि केसही.

आणि न्हाण्याच्या दिवसाचं बघून घाबरू नका. आठवड्यातून एकदा शिकेकाई लावणाऱ्या बाईचे सात दिवसांचे सुटलेले केस त्या एका दिवशी हातात येतात. रोजचे सत्तर धरले तरी पाचशेच्या जवळ जातात. तो गुंता तांब्याएवढा दिसतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

काळ्या कापडावर बघितले. बाराही केसांना पांढरा ठिपका आहे. पण मग टीएसएच ०.२१ चं काय? गोळी जास्त होतेय म्हणूनच ना तो खाली गेला?

औषधफळी (निपाणी)

तोच रिपोर्ट मला खटकतोय. गोळी २५ वर आणू नका, निदान पुन्हा तपासल्याशिवाय तरी.

बऱ्याच लॅबमधली हार्मोन मोजायची यंत्रं बायोटिनलाच चिकटवून काम करतात. रक्तात बायोटिन भरपूर तरंगत असलं की यंत्राची जोडणी बिघडते. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा खूप कमी दिसतो, टी३-टी४ (थायरॉइडची हार्मोन) जास्त दिसू शकतो, आणि कागदावर थायरॉइड वाढल्याचं चित्र उभं राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये यावर इशारा काढला होता आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. त्यात हृदयाच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा येते, ती खोटीच कमी दिसू शकते. केसांच्या गोळीपायी छातीतल्या दुखण्याचं निदान चुकणं ही भयंकर गोष्ट आहे, म्हणून बायोटिन घेणाऱ्यानं रक्त देताना ते आवर्जून सांगावं.

शरीराची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम. वहिनी घेताहेत १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. शेंगदाणे, अंडी आणि डाळी खाणाऱ्या माणसाला त्याची कमतरता सहसा नसते, आणि कमतरता नसताना त्यानं केस वाढतात याला आधार नाही.

दुसरीकडून बघा. लोह आणि थायरॉक्सिन पोटात एकत्र आले की एकमेकांना बांधून टाकतात, गोळी रक्तात कमी जाते. वर चहा. नोव्हेंबरपासून असं चाललंय म्हटल्यावर टीएसएच खरं तर वर गेलेला असायला हवा. एका चुकीनं टीएसएच खरोखर वाढवला आणि दुसऱ्या चुकीनं तो कागदावर खाली दाखवला, असं इथं झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशात गोळी निम्मी केली तर थायरॉइड आणखी पडेल आणि केस आणखी जातील.

करायचं असं. बायोटिन आजच बंद. किमान तीन दिवस जाऊ द्या. मग त्याच लॅबमध्ये सकाळी टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा, आणि कागदावर ‘बायोटिन अमुक तारखेला बंद केलं’ असं लिहायला लावा. त्याच रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी (अंगातली सूज) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहतंय) करून घ्या. संधिवातात आणि तापानंतर फेरिटिन सुजेमुळे वाढलेलं दिसतं, त्यामुळे ४५-५० आलं तरी लोह पुरेसं आहे असं मानता येत नाही. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असलं तर लोह कमीच. सूज नसताना फेरिटिन ३० च्या खाली असलं तर सरळ कमतरता.

वेळा अशा लावा:

सकाळी सहाला थायरॉक्सिन, साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. चहा आणि नाश्ता पाऊण ते एक तासानं.
लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. अकरा-साडेअकरा बरी, लिंबूपाण्याबरोबर. पुढं-मागं एक-दोन तास चहा-कॉफी-दूध नको. पोट दुखत असेल तर एक दिवसाआड चालेल का विचारा, अंगी लागायला ते बहुतेकदा चांगलंच पडतं.
कॅल्शियम पुढं-मागं कुणी दिलंच तर ते रात्री जेवणानंतर. ते थायरॉक्सिनपासून चार तास लांब हवं, लोहापासूनही लांब.
मेथोट्रेक्सेट सोमवारी रात्री, आहे तशीच.

पित्ताची पातळ औषधं आणि पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांनीसुद्धा थायरॉक्सिन कमी शोषली जाते. आपल्याकडं पित्ताची गोळी कुणी औषध समजतच नाही, म्हणून यादीत सांगायची राहते. वहिनी घेतात का बघा.

मेथोट्रेक्सेटबद्दल आणखी थोडं, कारण सीमाभागात ही चूक होण्याचं एक वेगळंच कारण आहे. चिठ्ठीवर किंवा तोंडी कन्नडमध्ये ‘वारक्कोम्मे’ सांगतात, म्हणजे आठवड्यातून एकदा. कन्नडमधला ‘वार’ म्हणजे आठवडा. आपल्या मराठी कानाला ‘वार’ म्हणजे दिवस, आणि ‘वाराला एक’ म्हणजे रोज एक असा अर्थ सहज लागतो. रोज एकदासाठी कन्नडमध्ये ‘दिनक्कोम्मे’ म्हणतात. औषध घेताना मी तरी समोरच्याकडून नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ वदवून घेत नाही, वार कुठला तेच विचारतो. पाकिटावर जाड पेननं ‘फक्त सोमवार रात्र’ लिहा. रविवार ठरला तर ‘भानुवार’ म्हणजे तोच, हेही घरच्यांना माहीत असू द्या. कुणाला वार लक्षात राहत नसेल तर गावच्या बाजाराचा दिवस ठरवून टाका, तो चुकत नाही.

आणि २.५ मिलिग्रॅमची मेथोट्रेक्सेट अन् ५ मिलिग्रॅमचं फोलिक ॲसिड, दोन्ही गोळ्या बहुतेकदा पिवळ्या आणि लहान. पानातून काढून एकाच डबीत टाकल्या की ओळखायला मार्ग नाही. वेगळ्या डब्या, वेगळ्या फळीवर. मात्रेत बदल झाला की गोळीची ताकदही बदलते: पूर्वी ७.५ च्या दोन असतील आणि आता दुकानातून १५ ची एक आली, तर सवयीनं दोन जातात. पान बदललं की मोजणी पुन्हा करायची. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला कुणी को-ट्रायमोक्झॅझोल हे अँटिबायोटिक दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे तिथंच सांगा, ही जोडी रक्ताला घातक आहे. मिरजेची फाइल एका पिशवीत आणि तालुक्याची चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत असली की हेच राहून जातं. एका वहीत सगळं लिहा आणि ती वही दोन्हीकडं न्या.

चिकोडीकर

विषय चाललाय म्हणून विचारतो. पुतणी १९ वर्षांची, फिटसाठी सोडियम व्हॅलप्रोएट ५०० सकाळ-रात्र, पाच महिने झाले. केस विरळ होताहेत, शिवाय जे नवीन येतात ते कुरळे येताहेत. फिट एकदाही आलेली नाही. लग्नाच्या गोष्टी चालू आहेत, घरचे म्हणतात आता गोळ्या थांबवू. चालेल का?

ओपीडी_खिडकी (बेळगाव)

नाही. एक दिवसही मनानं थांबवू नका. व्हॅलप्रोएट एकदम तोडलं तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. फिट आलेली नाही ती गोळीमुळेच आलेली नाही.

केसांचं म्हणाल तर व्हॅलप्रोएटनं केस गळणं हे ठाऊक असलेलं आहे, आणि ते मात्रेवर अवलंबून असतं. नवीन केस कुरळे येणं ही तर त्याची खूणच. डॉक्टर मात्रा थोडी उतरवू शकतात किंवा गोळी बदलू शकतात. बऱ्याचदा काहीच न करता काही महिन्यांत गळती कमी होते.

पण तुमच्या पुतणीच्या बाबतीत केसांपेक्षा महत्त्वाचं वेगळंच आहे. व्हॅलप्रोएट घेत असताना गर्भ राहिला तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात दोष येतो, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी राहतात. लग्न ठरण्याआधीच मेंदूविकार तज्ज्ञांकडं जा आणि सरळ विचारा: हिला लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन या फिटच्याच दुसऱ्या गोळ्यांवर नेता येईल का? हा बदल काही आठवडे ते महिने घेऊन, एक हळूहळू चढवत आणि दुसरी उतरवत करतात. लॅमोट्रिजिन व्हॅलप्रोएटसोबत सुरू करताना फारच हळू चढवावी लागते, नाहीतर अंगावर धोकादायक पुरळ उठतं. म्हणून हे मेडिकलच्या काउंटरवर होणारं काम नाही. सासरी लपवून गोळी चुकवण्यापेक्षा लग्नाआधी हे मार्गी लागलेलं मुलीसाठी कितीतरी सुरक्षित.

औषधफळी (निपाणी)

ज्यांच्या घरात दुसरी औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी, ज्यांबद्दल नेहमी विचारलं जातं ती अशी. बीपीच्या औषधांत प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांनी क्वचित गळतात, अम्लोडिपिनचं नाव सहसा येत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि हेपरिन. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, आणि ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झालं तरी. लिथियम, तेही दोन वाटांनी: स्वतःमुळं आणि थायरॉइड मंदावल्यामुळं. म्हणून लिथियमवर असणाऱ्यानं दर सहा महिन्यांनी टीएसएच करायचाच असतो. थायरॉइड वाढलेल्यांचं कार्बिमॅझोल. सांध्यांचं लेफ्लुनोमाइड. गर्भनिरोधक गोळी घेताना सहसा नाही, पण बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी.

टीबीच्या गोळ्यांवर फार आळ येतो. तिथं बहुतेक वेळा आजारानं घटलेलं वजन आणि ताप हेच कारण असतं, गोळ्यांमुळं गळणं फार क्वचित. सहा महिन्यांचा कोर्स केसांपायी अर्धवट टाकला तर औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो. निक्षयवर (सरकारच्या टीबी रुग्णांच्या यादीत) नोंद असेल तर पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). ते अंडी, शेंगदाणे आणि डाळीत घाला, केसांच्या तेलात घालू नका.

‘हेअर-स्किन-नेल्स’ म्हणून मिळणाऱ्या दोन-दोन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी पाकिटामागचा मजकूर वाचावा. सेलेनियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व बऱ्याचदा दोन्हींत असतं, आणि दोन्ही प्रमाणाबाहेर गेली की केसच गळतात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगावकडं अचानक केस जाण्याचा प्रकार झाला तेव्हा सेलेनियमचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय.

सुती_टोपी (बेळगाव)

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एवढंच. केमोत वरचा तीन महिन्यांचा हिशेब लागू होत नाही. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, सायक्लोफॉस्फामाइड यांत पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांतच केस जायला लागतात, भुवया-पापण्याही जाऊ शकतात. पहिल्या डोसआधीच केस कानापर्यंत कापून घ्या, म्हणजे लांब केस पुंजक्यांनी येताना बघावं लागत नाही. वस्तरा मारू नका, पांढऱ्या पेशी कमी असताना टाळूवरची एक बारीक चीरही पिकते. ट्रिमर चालतो. मऊ सुती टोपी, रात्रीसुद्धा, कारण टाळूला थंडी वाजते आणि उशी टोचते. विग हवा असेल तर केस असतानाच रंग जुळवून घ्या. टाळू थंड ठेवणारी टोपी काही मोठ्या केंद्रांत मिळते. ती डोसच्या आधी अर्धा तास, डोसभर आणि नंतरही घालावी लागते. काहींचे केस तिनं राहतात, सगळ्यांचे नाही, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती वापरत नाहीत. शेवटच्या डोसनंतर साधारण तीन महिन्यांत लव दिसू लागते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

बायोटिन बंद करून पाचव्या दिवशी त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. टीएसएच ९.४. फ्री टी४ खालच्या हद्दीजवळ. फेरिटिन ३८, सीआरपी वाढलेलं, सॅच्युरेशन ११ टक्के. दोन्ही रिपोर्ट आणि वेळांचा कागद दवाखान्यात दाखवला. गोळी ५० च ठेवली, फक्त वेळ बदलली, लोह चालू. मिरजेला फोन करून विचारलं, मेथोट्रेक्सेट आहे तशी चालू ठेवायला सांगितलंय. वहिनी ‘पित्ताची पावडर कधीकधी घेते’ म्हणाल्या, तीही वहीत लिहिली.

दोन प्रश्न राहिले. मिनॉक्सिडिल (केस वाढायला टाळूवर लावतात ते औषध) लावायचं का? आणि फरक कधी दिसेल?

ओपीडी_खिडकी (बेळगाव)

मिनॉक्सिडिल आता नको. ते सुरू केल्यावर पहिले दोन ते आठ आठवडे विश्रांतीतले केस उलट जास्त सुटतात, वहिनी आणखी खचतील. कारण दूर झाल्यावर ही गळती आपोआप थांबते. सहा महिन्यांनंतरही भांग रुंदच राहिला किंवा रुंदावतच गेला, तर त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा. मग ते आनुवंशिक विरळपणा उघडा पडलाय का बघून ठरवतील.

फरक असा दिसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळती हळूहळू उतरेल. त्याच सुमारास कपाळाच्या कडेला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे, बारीक, टोकदार केस शोधा. तेल लावून चापून बसवले तरी पुन्हा उठतात, तेच नवे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी हाताला लागायला वर्ष जाईल. महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच खिडकीपाशी, मधला भांग पाडून वरून फोटो काढा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

टीएसएच वेळ बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी करून उपयोग नाही. मेथोट्रेक्सेटसाठी सीबीसी, एसजीपीटी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन मिरजेनं दिलेल्या तारखांना.

औषधफळी (निपाणी)

एक भर. कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम रुग्ण स्वतः कळवू शकतो. भारतीय औषधसंहिता आयोगाचा, म्हणजे गाझियाबादचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. औषधाचं नाव, बॅच नंबर, मात्रा, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबतची इतर औषधं एवढं हाताशी ठेवा. बॅच नंबर पानाच्या कडेला असतो आणि शेवटची गोळी काढताना तोच भाग फाटतो, म्हणून पान नवं असतानाच फोटो काढून ठेवा. चिकोडीकर, पुतणीच्या व्हॅलप्रोएटचंही कळवा, आणि तज्ज्ञांची वेळ कधीची मिळाली ते इथं लिहा.

चिकोडीकर

गुरुवारची मिळाली. गोळी चालू आहे, काल रात्रीची माझ्यासमोर घेतली.